जनू, तुझं यान मी पाडायचो

जनू, तुझ्या गेमच्या प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. मी कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबून धरायचो, त्यामुळे तुझं जोराचं बटण मरायचं आणि तुझं यान पडायचं. एवढंच होतं.

हे वाक्य बोलायला मला नऊ वर्षं मिळाली होती. त्या नऊ वर्षांत मी तुझ्याशी इतर सगळं बोललो. बदललेल्या नोकऱ्या, मोडलेली दोन लग्नं (माझीच, ठरण्याआधी मोडलेली), कळव्याच्या पुलावर सायकलवरून पडून दुधाची किटली डोक्यावर ओतून घेतली तो प्रसंग. हे मात्र राहिलं. आणि आता तू गेल्यावर मी हे कागदावर लिहितोय, म्हणजे जिथे तू वाचणार नाहीस याची खात्री आहे तिथे. माझ्या शूरपणाची एवढीच पोच आहे, हे तुला नवीन नाही.

तुझ्या तेराव्याला तुझ्या काकांनी मला पुढे केलं. म्हणाले, "तू त्याचा दोस्त, दोन शब्द बोल." मी उभा राहिलो. मनात होतं की हेच सांगावं. आणि तोंडातून निघाली ती मी खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलो त्याची गोष्ट. सगळ्या हातवाऱ्यांसकट. लोक हसले रे. तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर मी कोळीवाड्यातल्या शंभर माणसांना हसवलं. तुझी आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी घाईघाईत चपला घालून निघालो. घरी येऊन बघतो तर डाव्या पायात कुणा दुसऱ्याचीच.

आठवतं ना, हे सगळं कुठे सुरू झालं? नौपाड्यातला तो कॉम्प्युटर क्लास, खाली पिठाची गिरणी, वरती दोन खोल्या. चपला जिन्यात काढायच्या, देवळात काढतात तशा. सरांनी प्रत्येक मशीनवर प्लास्टिकचं पांघरूण घातलेलं, तरी गिरणीचं पीठ आत जायचंच. कीबोर्डवरून बोट फिरवलं की बोट पांढरं. मी तिथे आलेलो कारण बाबांना कुणीतरी सांगितलेलं की पुढे सगळं कॉम्प्युटरवर चालणार. तू आलेलास कारण तुला ते आवडायचं. हा फरक सरांना दोन दिवसांत कळला. महिन्याभरात तू नवीन मुलांना शिकवायला लागलास आणि मी त्या नवीन मुलांमध्ये पुन्हा पहिल्यापासून बसायला लागलो.

दुपारी दोन ते चार क्लास रिकामा असायचा. सर जेवायला जाताना किल्ली तुझ्याकडे देऊन जायचे. रोजच्या त्या दोन तासांत तू 'ओहोटी' नावाचा गेम लिहिलास.

नाव ऐकून मी हसलेलो. लढाईच्या गेमला असलं नाव? मी 'महायुद्ध' सुचवलेलं. तू म्हणालास, "अव्या, लढाई कुणाशी आहे ते आधी बघ." पिवळट पडद्यावर मधोमध एक गोळा. तो सगळं स्वतःकडे ओढायचा. दोन छोटे त्रिकोण, म्हणजे आपली दोन यानं. काही न करता बसलं तर यान हळूहळू घसरत जायचं, मग जोरात, आणि गोळ्यावर आपटून फुटायचं. एकाच कीबोर्डवर दोघांची वेगवेगळी बटणं: वळायला दोन, जोर लावायला एक, गोळी झाडायला एक. समोरच्याला मारायचं खरं, पण त्याआधी स्वतः पडायचं नाही. पहिल्या आठवड्यात मला मारायची तुला गरजच पडली नाही. मी आपला आपणच पडत होतो.

मी जोराचं बटण दाबून सरळ वर पळायचो. जितका जोर लावीन तितकं यान बेभान व्हायचं. तेव्हा तू मला तुझ्या बाबांच्या होडीत घेऊन गेलास. ओहोटी लागलेली, पाणी खाडीच्या तोंडाकडे सणसणत चाललेलं. तू वल्हं माझ्या हातात दिलंस आणि मी उलट दिशेनं घाम गाळायला लागलो. होडी जागची हलेना. तू पोटभर हसलास आणि म्हणालास, "पाणी ओढतंय ना? ओढू दे. आपण फक्त तोंड तिरकं धरायचं." तू वल्हं नुसतं टेकवलंस आणि होडी त्या ओढीवरच स्वार होऊन किनाऱ्याला लागली. पुढचं, म्हणजे मी उडी मारून उतरायला गेलो ते, तेराव्याला सगळ्यांनी ऐकलंच.

पण गेम मला त्या दिवशी कळला. गोळ्यापासून पळायचं नाही. त्याच्या ओढीत स्वतःला सोडायचं, जवळून फेरा मारायचा आणि त्याच वेगानं बाहेर फेकलं जायचं. तुझं यान असं फिरायचं की बघत बसावं. क्लासमधली मुलं चार वाजता यायच्याऐवजी तीनला यायला लागली, तुझ्यामागे उभी राहायला. दोघं खेळणार, बाकीचे रांगेत. जो हरेल तो उठेल. मी सगळ्यात जास्त वेळा उठलो.

आणि आपलं ते न संपलेलं भांडण. गोळी वळावी की नाही? मी म्हणायचो, गोळी म्हणजे गोळी, सुटली की सरळ गेली पाहिजे. तू म्हणायचास, "का? तिला वजन नाही? गोळा यानाला ओढतो, मग गोळीला का सोडेल?" तुझ्या गेममध्ये गोळ्या वाकायच्या. नेम धरायचा तो माणसावर नाही, तर वाटेवर. तुला ते सुंदर वाटायचं. मला तो माझ्यावरचा अन्याय वाटायचा, कारण माझी गोळी एकदा गोळ्याला पूर्ण वळसा घालून आली आणि मलाच लागली. सगळा क्लास टाळ्या वाजवत होता. एकानं विचारलं, "अव्या, पॉइंट कुणाला द्यायचा?"

त्याच दिवशी, जनू. त्याच दिवशी चिडून मी पंजा कीबोर्डवर आपटला आणि तसाच दाबून धरला. आणि बघितलं की तुझं यान वळतंय, पण जोर घेत नाहीये. तू बटण दाबत होतास, मला तुझं बोट दिसत होतं. यान आपलं शांतपणे घसरत गेलं आणि फुटलं.

तू म्हणालास, "हे काय झालं?"

मी म्हणालो, "काय की."

तोवर ते खरं होतं. मग पुढचे दोन दिवस मी लवकर येऊन, तू खाली चहाला गेलेलास तेव्हा, एकेक बटण दाबून पाहिलं. आयुष्यात मी केलेलं ते एकमेव संशोधन. त्या स्वस्तातल्या कीबोर्डची तऱ्हाच तशी होती. माझी वळायची दोन्ही बटणं आणि गोळीचं बटण, ही तीन एकदम धरली की तुझं जोराचं बटण मशीनला ऐकूच जायचं नाही. मी सोडलं की पुन्हा ठीक. डावं-उजवं एकत्र दाबल्यानं माझं यान वळत नसे, नुसतं गोळ्या झाडत चालू फेऱ्यात फिरत राही. बघणाऱ्याला संशय यायचं कारण नव्हतं.

सुरुवातीला दिवसातून एकदाच करायचो. लाज होती थोडी. मग सवय लागली. मुलं म्हणायला लागली, "अव्या सुधारला." ते ऐकायला काय गोड वाटायचं रे! घरी आईनं बाबांना सांगितलं की याला कॉम्प्युटर जमायला लागलाय वाटतं, हल्ली खुशीत असतो.

आणि तू चूक शोधायला लागलास. स्वतःची.

त्या काळी मशीन एका वेळी एकच बटण ओळखायचं. दोघांची बटणं एकत्र कळावीत म्हणून तू महिनाभर खपून स्वतः तो भाग लिहिलेलास. त्यामुळे चूक, म्हणजे क्लासच्या भाषेत बग, तिथेच असणार असं तू धरून चाललास. एकटा बसून बघायचास तर यान बिनचूक. माझ्याबरोबर बसलास की पडायचं. एकदा वैतागून म्हणालास, "तुझा पायगुणच वाईट आहे," आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. एकदा म्हणालास, "जागा बदलून बघू." मी सांगितलं की मला डाव्या बाजूला बसलं की चक्कर येते. कॉम्प्युटरसमोर, खुर्चीत बसून, डाव्या बाजूला चक्कर! आणि तू ते मानलंस. माझ्यासाठी खिडकी उघडलीस. तू मित्राचं काय काय मानायचास.

मग तू सगळा प्रोग्रॅम छापून घेतलास, कडेला भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदावर. आपण तलावपाळीच्या कट्ट्यावर बसायचो. तुझ्या मांडीवर ती चवड, तिची शेपूट वाऱ्यानं माझ्या अंगावर यायची. तू पेन्सिलीनं एकेक ओळ तपासायचास आणि मी शेजारी भेळ खात मदत करायचो. हो, मदत. "ही ओळ बघ, हिच्यात गडबड वाटते," असं मी बोट ठेवून सांगायचो. भेळेचं बोट. तू ती ओळ पुन्हा लिहायचास. मी दाखवलेल्या जागी तू चांगल्या ओळी खोडून नव्या लिहिल्यास, जनू. मी आजही दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायचीच नोकरी करतो. दोन हजार साल येतंय, मशीनमधल्या तारखा बिघडतील म्हणून तर कंपनीत नुसता गोंधळ आहे, रोज शेकडो ओळी वाचतो. त्या वाचायला तू मला त्या कट्ट्यावर शिकवलंस. त्या शिकवणीत चूक एकच होती आणि ती भेळ खात होती.

थांबायला हवं होतं. मी थांबणार होतो. सरांनी जेव्हा सांगितलं की अंधेरीच्या एका कंपनीतले साहेब तुझा गेम बघायला येणार आहेत, तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता पुरे. तू इस्त्रीचा शर्ट घालून आलेलास. तुझी आई बाजारात पाटीवर बसायच्या आधी जिन्यापर्यंत आली, वर आली नाही. म्हणाली, माझ्या अंगाला मासळीचा वास, तुमच्या मशिनीला नको.

साहेब गप्प माणूस होते. खुर्ची ओढून बसले आणि तुझं फिरणं बघत राहिले. पहिल्या डावात तू मला अर्ध्या मिनिटात मारलंस, वळलेल्या गोळीनं. साहेब पुढे सरकले. म्हणाले, "ही गोळी वळली कशी? परत दाखव." तू दाखवलीस. मी पुन्हा मेलो. मागे मुलं हसली. सर हसले. साहेब वळून मला म्हणाले, "तुम्ही नुसते मरायला बसलाय का?"

एवढंच. एवढ्या वाक्यावर माझी तीन बोटं खाली गेली.

तुझं यान घसरलं आणि फुटलं. तू परत सुरू केलंस. मी परत दाबलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. बोटांना आपोआप जमत होतं असं म्हणून सुटता आलं असतं, पण ते खरं नाही. मला माहीत होतं. तिसऱ्यांदा यान फुटल्यावर साहेब म्हणाले, "प्रोग्रॅममध्ये काहीतरी अडतंय."

मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणू शकला असतास की एरवी चालतं. अव्या बसला की बिघडतं, असं म्हटलं असतंस तरी खरंच होतं. तू उभा राहिलास, शर्ट नीट केलास आणि म्हणालास, "हो सर. माझी चूक आहे. सापडत नाहीये."

साहेब म्हणाले, सापडली की ये, नोकरीचं बघू. पत्ता दिला. ते वाईट माणूस नव्हते. आणि तू गेला नाहीस, कारण तुला ती सापडली नाही. सापडणार कशी? ती तुझ्या शेजारी बसलेली.

जिना उतरताना मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे, मी तीन डाव तरी जिंकलो." तुला हसवायला म्हटलेलं. आणि तू हसलास.

त्यानंतर तू क्लास सोडलास. शीळफाट्याच्या गोदामात सुपरवायझर झालास, पिंपं मोजायला. मी विचारलं तर म्हणालास, "पिंपात बग नसतो." दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येत होतो, तुझी आई ताटात वाढत होती, तू मला ऑफिसबद्दल विचारत होतास. माझ्या अडलेल्या प्रोग्रॅमच्या ओळी मी तुला तोंडी सांगायचो आणि तू माशाचे काटे काढता काढता सांगायचास कुठे चुकलं ते. दर वेळी बरोबर. मी सोमवारी जाऊन शाबासकी घ्यायचो.

काविळीनं तू अंथरूण धरलंस तेव्हा मी सिव्हिलमध्ये आलेलो. डोळे हळदीसारखे झालेले तुझे. दुपारची वेळ, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपलेला, आपण दोघंच. मी आपला बडबडत होतो. तू मधेच म्हणालास, "अव्या, तो बग काय असेल रे?"

मी विचारलं, "कुठला?" जनू, मी 'कुठला' असं विचारलं.

"ओहोटीतला. पडल्या पडल्या सगळा प्रोग्रॅम परत आठवतोय. ओळ न् ओळ. कुठे चुकलो तेच कळत नाही."

तो क्षण तू मला आणून दिलेलास, हातात. मी म्हणालो, "मशीनच भिकार होतं रे."

तू म्हणालास, "नाही. मशीनला नावं ठेवू नये." आणि मग, "गोळी मात्र वळलीच पाहिजे. त्यात मी ऐकणार नाही." मी म्हणालो, उद्या भांडू. उद्या मी आलो नाही. ऑफिसात काम होतं असं सगळ्यांना सांगितलं. काम नव्हतं. परवा तू नव्हतास.

आता ऐक. गोळी वळलीच पाहिजे. मी हरलो. हे मला तेव्हा म्हणायला काय झालं होतं?

काल दुपारी मी तुझ्या घरी गेलो. कार्य होऊन पंधरा दिवस झाले, आई पुन्हा बाजारात बसायला लागली आहे. ओट्यावर कोलंबीचं टोपलं घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "आयलास? बस." आणि अर्धी कोलंबी माझ्यापुढे सरकवली. एरवी तू सोलू लागायचास.

मी सोलता सोलता सांगितलं. सगळं. यान, गोळा, तीन बटणं. तिला कळावं म्हणून म्हटलं, "समजा जनू होडी चालवतोय आणि मी पाण्याखालून त्याचं वल्हं धरून ठेवलंय, आणि त्याला वाटतंय आपल्यालाच वल्हवता येत नाही."

तिचे हात थांबले. "किती दिस?"

"चार महिने."

"आन तो सायब आलेला, तवा पन?"

"तेव्हा पण."

ती पुन्हा सोलायला लागली. मग म्हणाली, "दर रविवारी माझ्या हातचं जेवत होतास. तोंडात घास होता म्हणून बोलता नाय आलं?"

मी म्हणालो, "आई, माझ्यामुळे त्याचं सगळं आयुष्य..." खरं सांगू, मला वाटत होतं की तिनं मारावं. निदान शिव्या द्याव्यात, अख्ख्या कोळीवाड्याला ऐकू जातील अशा. त्या ऐकायची तयारी करून मी आलो होतो.

तिनं माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं. मी सोललेली एकेक कोलंबी उचलून बघितली. निम्म्यांचे शेपटाकडचे तुकडे सालीतच राहिलेले, बाकीच्यांचा काळा दोरा तसाच. डोळे पुसले तिनं, कोपरानं, हात ओले होते म्हणून. आणि म्हणाली,

"एक काम धड येत नाय तुला. आन म्हने माझ्या जनूचं आयुष्य बिघडवलं! तेवढी तरी अक्कल हाय का तुझ्यात?"